गाडीची ओटी

मांडणीवरच्या वाट्या किणकिणल्या.

लाइट गेलेली, पंखा थांबलेला, आणि खांदा कॉलनीतली ती दुपार अगदी चिडीचूप होती. प्रेमला फरशीवर बसून भिजवलेले वाल सोलत होती. आधी सगळ्यात वरची चिमुकली वाटी हलली, मग तिच्या खालची, मग सगळी चळतच बारीक थरथरायला लागली. भिंतीतली थरथर तिच्या पायाखालच्या फरशीत उतरली. पाच-सात सेकंद असेल. मग थांबली.

प्रेमला उठली. सवयीनं चहाचं आधण ठेवलं. नवऱ्याला, कृष्णातला, गोड चहा लागायचा म्हणून साखरेचा एक चमचा जास्त टाकला. आलं ठेचायला घेतलं आणि हातातला बत्ता तसाच राहिला.

गाडी तर गेल्या बुधवारीच गेली होती.

तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. घर तळमजल्याचं, खिडकीखालीच गाडी लावायची जागा. चुन्यानं आखलेला चौकोन रिकामा होता. आठ दिवसांत त्यात बदामाची वाळकी पानं साठली होती. समोरचा मोकळा प्लॉट, त्यातलं कमरेइतकं गवत, पलीकडे सिडकोच्या अर्ध्या बांधलेल्या इमारती. माणूस नाही की कुत्रं नाही. तिनं गॅस बंद केला. एवढा चहा पिणार कोण होतं?

कृष्णात पावणे एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मेंटेनन्सचा फोरमन होता. साताऱ्याकडनं आयटीआय करून आलेला, हाताला बरकत असलेला माणूस. पंप बसला, पाइप तुंबला, बॉयलरनं मान टाकली की कारखान्याला कृष्णात आठवायचा, मग वेळ कुठलीही असो. म्हणून कंपनीनं त्याला गाडी दिली होती. पांढरी, जुनी, डिझेलची ॲम्बॅसडर. कागदावर कंपनीची, डिझेल कंपनीचं, टायरसुद्धा कंपनीचे. पण उभी राहायची ती प्रेमलाच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला खेटून, त्यामुळे प्रेमलाच्या लेखी ती घरचीच होती. लेक ज्ञानेश्वरी, म्हणजे ज्ञानू, तीन दिवसांची असताना पनवेलच्या दवाखान्यातून घरी आली ती त्याच गाडीच्या मागच्या सीटवर. पहिल्यांदा खळखळून हसली तीही त्या गाडीत, स्पीडब्रेकरवर.

कृष्णातची पहिली पाळी असायची, सात ते तीन. साडेतीनच्या ठोक्याला गाडी खिडकीखाली यायची. तो इंजिन बंद करायचा नाही, नुसता बसून राहायचा. मग ज्ञानू अनवाणी पळत जायची, पुढच्या सीटवर चढायची, आणि बापलेक पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायचे. त्याला ती दोघं चक्कर म्हणायची. चक्कर झाली की मग चहा. ज्ञानूला पाय फुटल्यापासून हे असं चाललं होतं, आणि भिंतीवरच्या वाट्यांनासुद्धा ते पाठ झालं होतं.

यंदा कारखान्याला मंदीची झळ लागली. हेडऑफिसातून नवे साहेब आले आणि त्यांनी नोटीस बोर्डावर एक कागद लावला. सुपरवायझर वर्गाची सर्व वाहनं आणि डिझेलची कुपनं एक तारखेपासून बंद. चाव्या ॲडमिनला जमा कराव्यात.

कृष्णातनं हे बूट काढता काढता सांगितलं होतं. "गाडी काढून घ्यायला लागलेत."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"सही करा म्हणाले. केली."

"एवढी वर्षं हाकेसरशी पळालात त्यांच्यासाठी. काही बोलायचं तरी."

"काय बोलू? गाडी त्येंची. आपून फुकटचं बसत हुतो असं म्हणाले, त्येबी खरंच हाय." तो हसला होता, पण बुटाची नाडी हातात धरून बराच वेळ तसाच बसला होता.

गाडी न्यायला कमळाकर आला होता, कंपनीचा ड्रायव्हर. कृष्णात तेव्हा कामावर होता. मुद्दामच, असं प्रेमलाला वाटलं. स्वतःच्या हातानं चावी देणं त्याला झालं नसतं. ती चावी घेऊन बाहेर आली, आणि चावी पुढे करताना तिचं मन एकाएकी भरून आलं. घरातून बाई निघाली तर तिला आपण रिकाम्या पदरानं पाठवतो का? हिनं तर माझं लेकरू घरी आणलंय.

"भाऊजी, दोन मिनिटं थांबा," ती म्हणाली आणि आत गेली.

नारळ होता. तांदूळ होते. हळदकुंकवाचा करंडा होता. खण मात्र नव्हता, संक्रांतीच्या वाणात सगळे संपले होते. कपाट उपसलं तर ज्ञानूच्या फ्रॉकचं उरलेलं कापड हाताला लागलं, पिवळ्या ठिपक्यांचं, वीतभर. कापड ते कापड, असं म्हणून तिनं तेच घेतलं. बॉनेटला हळदकुंकू लावलं. पुढच्या सीटवर, जिथं ज्ञानू बसायची तिथं, नारळ, तांदूळ आणि तो तुकडा ठेवला. हात जोडले, आणि सवाष्णीला म्हणावं तसं सहज म्हणाली, "पुन्हा ये."

कमळाकरला हसू आवरेना. "वहिनी, हिची कसली ओटी भरता? ही भंगारात चाललीय."

"असू दे हो."

"नाही म्हणजे नारळ मी खाल्ला तर चालेल ना?"

"खा. पण तुकडा तिथंच राहू दे."

तो हसत हसत गेला. वळणावर गाडीचा मागचा दिवा एकदा लागला, विझला, एवढंच.

त्यानंतर कृष्णात बसनं जायला लागला. दोन बस, मधे तुर्भ्याला अर्धा तास उभं राहणं, आणि वर पाऊण तास पायपीट. संध्याकाळी पाच, कधी सव्वापाचला तो दारात यायचा, शर्ट पाठीला चिकटलेला. सोसायटीच्या गेटवर बसणाऱ्यांना तेवढंच पुरलं. "काय फोरमनसाहेब, आज अकरा नंबरची बस का?" दोन पायांवर चालत येणाऱ्याची ती थट्टा. कृष्णात हसून मान हलवायचा आणि घरात आल्यावर गुडघ्याला तेल मागायचा.

आणि आज, गाडी गेल्याच्या आठव्या दिवशी, साडेतीन वाजता वाट्या वाजल्या होत्या.

हायवेवरून ट्रक गेला असेल, असं प्रेमलानं मनाला सांगितलं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत ज्ञानू झोपेतून उठली. गाल लाल, केस विसकटलेले. येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"गाडी आलेली," ती म्हणाली.

"स्वप्न पडलं व्हय माझ्या बाळाला?"

"नाही. टाकीपर्यंत गेले. मग आले."

"बरं."

दुसऱ्या दिवशी लाइट होती, पंखा चालू होता, तरी वाट्या वाजल्या. प्रेमला खिडकीशी धावली. चुन्याचा चौकोन तसाच, रिकामा. पण वाळकी पानं त्यात नव्हती. कुणी झाडू मारावा तशी ती रेषेच्या बाहेर सरकली होती, चारी बाजूंना, सरळ ओळीत. मधोमध जमिनीवर बोटभर ओला डाग होता. ती बाहेर गेली, वाकली, डागाला बोट लावून वास घेतला. डिझेल. ती ताबडतोब आत आली आणि साबणानं हात दोनदा धुतला.

ज्ञानू अंथरुणावर झोपली होती. प्रेमलानं पांघरूण सरकवलं आणि तिची नजर लेकीच्या पायांवर गेली. मांडीच्या मागच्या बाजूला, गोऱ्या कातडीवर, बारीक बारीक चौकटी उमटल्या होत्या. रेक्झिनच्या गरम सीटवर उघड्या पायानं बराच वेळ बसलं की उमटतात तशा. त्या सीटची चौकट प्रेमलाला ठाऊक होती. तिच्या स्वतःच्या पोटऱ्यांवर ती कितीदा उमटली होती, माहेरी जाताना, खंबाटकी ओलांडेपर्यंत.

ती त्या खुणांवरून हात फिरवत बसली. हळूहळू त्या मावळल्या. लेकरू जागं झालं नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं तीन वाजताच दाराची वरची कडी लावली, खिडक्या ओढून घेतल्या आणि ज्ञानूला मांडीवर घेऊन पलंगावर बसली. गोष्ट सांगता सांगता पोर डुलायला लागली. "झोपू नको गं राणी," प्रेमला म्हणत होती, पण लेकरांची झोप ती, मांजरासारखी येते. साडेतीनला वाट्या वाजल्या. तिच्या मांडीवरचं ओझं एकदम हलकं झालं. पोर तिथंच होती, डोकं कोपरात, मुठी मिटलेल्या, श्वास चालू. पण चार वर्षांची लेक मांडीवर घेतल्यावर जो भार आईला कळतो, तो नव्हता. नुसता फ्रॉक घेऊन बसावं तसं झालं.

बरोबर दहा मिनिटांनी भार परत आला. प्रेमलाच्या पायाला मुंग्या आल्या. ज्ञानूनं डोळे उघडले. तिच्या कपाळावरचे केस वाऱ्यानं मागं उडालेले होते.

"आज टाकीच्या पुढं गेलो," ती म्हणाली. "हायवे आला."

"कोण कोण होतं गाडीत?" प्रेमलाचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"मी."

"चालवत कोण होतं?"

ज्ञानूनं आईकडे पाहिलं, प्रश्न खुळा असावा तसं. "गाडीच चालते की."

त्या दिवशी कृष्णात पावणेचारला घरी आला.

प्रेमलानं दार उघडलं तर तो बाहेर उभा, शर्ट कोरडा, बुटावर धूळ नाही. गुडघ्याला तेल मागितलं नाही. चहा पिताना नेहमीसारखा पाय हलवत बसला, आठ-दहा दिवसांत पहिल्यांदाच.

"लवकर आलात?"

"व्हय, आज लवकर आलो खरं."

"कुठली बस मिळाली?"

त्यानं कपातल्या चहाकडे बघितलं. "गेटाबाहेर स्टॉपवर बसलो हुतो. डोळा लागला बघ. उठलो तर आपल्याच गेटाशी. कुणीतरी आणून सोडलं आसंल."

"कुणीतरी म्हणजे? तुम्हाला आठवत नाही?"

"आगं, दमलेल्या माणसाला काय आठवतंय. बरं वाटलं, एवढं खरं." मग कप खाली ठेवत तो सहज म्हणाला, "आपली गाडी कापली म्हणं. तुर्भ्याला, भंगारवाल्याकडं. कमळाकर सांगत हुता. सोमवारीच. इंजन येगळं, पत्रा येगळा."

"सोमवारी?"

"व्हय."

प्रेमला सोमवार मोजत राहिली. वाट्या पहिल्यांदा वाजल्या त्या बुधवारी.

कृष्णात आणखी दोनदा तसाच आला. एकदा साडेतीनच्या आत-बाहेर, दुसऱ्यांदा तर वाट्या थांबल्या आणि दाराची कडी वाजली. ती विचारायची, तो हसायचा. त्याचा चेहरा निवळला होता. बस चुकल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जी लाचारी येते ती गेली होती. प्रेमलाला त्याला जास्त खोदून विचारवेना. तिचं सगळं लक्ष लेकीकडे लागलं होतं, कारण चक्कर रोज लांबत होती. हायवे झाला. मग "मोठ्ठा पूल." मग "खाडीचा वास आला, घाण." आणि दर दिवशी पोरीला उठवायला जास्त वेळ लागत होता. पुढच्या शुक्रवारी प्रेमला तिच्या तोंडावर पाणी मारत होती, तळवे घासत होती, हाका मारत होती, आणि लेकराचं अंग माठासारखं गार. अर्ध्या तासानं ज्ञानूनं डोळे उघडले.

"अजून थोडंच राहिलं," ती झोपाळू आवाजात म्हणाली. "तिथं रंगाचं पाणी असतं ना आई? लाल, निळं? मग तिथंच थांबायचं."

प्रेमलानं तिला उचललं आणि चप्पलसुद्धा न घालता ती मालतीबाईंकडे गेली.

मालतीबाई त्यांच्या घरमालकीण. या सगळ्या इमारती ज्या शेतांवर उभ्या राहिल्या त्यातली काही शेतं त्यांची, त्यामुळे पलीकडच्या गावठाणातल्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून त्या कॉलनीकडे अजूनही पिकाकडे बघावं तशा बघायच्या. सुकट निवडत होत्या. प्रेमलाला बघून त्यांनी सूप बाजूला सारलं.

"काय गो पोरी, अनवानी कनाला आलीस?"

प्रेमलानं सगळं सांगितलं. पहिल्यांदाच मोठ्यानं सांगत होती, त्यामुळे अडखळत होती. मालतीबाई ऐकत राहिल्या. हसल्या नाहीत. मधेच ज्ञानूला जवळ घेऊन त्यांनी तिच्या मांडीची मागची बाजू पाहिली आणि फ्रॉक नीट केला.

"गारीची ओटी भरलीस?"

"हो."

"नारल, तांदूल?"

"हो."

"खन कंचा दिलास?"

प्रेमलानं ज्ञानूच्या फ्रॉकची कड चाचपली.

"खण नव्हता काकू. हिच्या फ्रॉकचा तुकडा होता. तो ठेवला."

"नवा तुकरा का वापरलेला?"

"फ्रॉक हिच्या अंगावर होता. पहिल्या वाढदिवसाचा. त्यातलंच उरलेलं."

मालतीबाईंनी डोळे मिटून घेतले. "बाय गो. ओटीत आपुन काय देतो? देतो ती वस्तू तिची झाली. तू तिला पोरीचा कापर दिलास, पोरीच्या जागेवर ठेवलास, आन वर सांगलास का ये. ती आली. तिचा काय चुकला?"

"पण काकू, ती तर कापली. तिचे तुकडे झाले."

"मंग? मानूस जालल्यावं त्याला कोन बोलवतं का? आपुन मयताला जातो तवा निंगताना येतो म्हनतो का? नाय म्हनत. तोंड फिरवतो आन चालाया लागतो. तुना ठावं नवता ती मरनाला चाललीय?"

"भाऊजी बोलले होते. मी ऐकलं नाही."

"ऐकाचा होता." मग त्यांचा आवाज मऊ झाला. त्यांनी प्रेमलाच्या पदराचं टोक हातात घेतलं. "बोलावलान तिनाच घालवाची. दुसऱ्या कोनाला नाय जमाचा. तिच्या टायमाला जा. पोरीला झोपू देव नको, खांद्यावं घे, घट. रिकामा पदर दाव. म्हन, दिला त्यो चुकून दिला, आता द्याला काय नाय, जा. आन फिर. उंबऱ्याच्या आत येईपरत मागं बघाचा नाय. आवाज आला तरी नाय. कोनी नाव घेतला तरी नाय."

"एवढंच?"

"एवढाच. पन ये म्हनू नको. तोंडात सवय असतं आपल्या."

शनिवारी सकाळी कृष्णात डबा उचलताना म्हणाला, "आज शटडाऊन हाय, मशिनी थांबवून दुरुस्ती. वाट बघू नगंस, सात तरी वाजतील. दुपारी जरा टेकायला मिळालं तर मिळालं." प्रेमलाला हायसं वाटलं. तो घरी असता तर त्याला काय सांगणार होती? आणि मनाच्या तळाशी आणखी एक होतं, ते तिनं वर येऊ दिलं नव्हतं. तो तिला अडवेल असं तिला वाटत होतं. तो दारातून बाहेर पडला. ती मागून "या हं लवकर" म्हणाली, आणि तेवढं म्हणूनही चपापली.

दुपारी तिनं ज्ञानूला झोपू दिलं नाही. तिच्या वेण्या घातल्या, सोडल्या, पुन्हा घातल्या. भातुकली मांडली. गार पाण्यानं तोंड धुतलं. सव्वातीनला पोरीच्या पापण्या जड व्हायला लागल्या तशी तिनं तिला उचलून खांद्यावर घेतलं, छातीशी छाती, हनुवटी आपल्या खांद्यावर, तोंड पाठीमागं. पाठ थोपटत नव्हती, मुद्दाम चिमटे काढत होती. दार उघडून ती चुन्याच्या चौकोनासमोर जाऊन उभी राहिली.

हवा थांबली होती. गवताचं पातं हलत नव्हतं. उन्हात त्या चौकोनावर डोळ्याला काही दिसत नव्हतं. मग वाळक्या पानांतलं एक पान सरकलं. मग बाकीची, चारी बाजूंना, सावकाश, जागा करून द्यावी तशी. घरातून वाट्या किणकिणल्याचा आवाज आला. समोरून गरम वाफ तिच्या पायांना लागली आणि डिझेलचा वास, आणि त्या वासात आणखी एक, रंगाच्या कारखान्याचा तो आंबूस, तिखट वास, जो चार वर्षं तिनं शर्टांतून धुऊन काढला होता.

"गाडी," ज्ञानू तिच्या खांद्यावर चुळबुळ करत मान वळवायला लागली. "आई, सोड ना. चक्कर."

"नाही सोनू."

प्रेमलानं डाव्या हातानं लेकीला आवळलं आणि उजव्या हातानं पदर पुढे केला. रिकामा होता. तिला वाटलं होतं भीती वाटेल. पण वाईट वाटलं. दवाखान्यातून येतानाचा तो दिवस आठवला, कृष्णात किती हळू चालवत होता, मागून येणारे सगळे हॉर्न मारत होते आणि तो म्हणत होता, मारू द्या.

"चुकून दिलं गं," ती म्हणाली. "माझ्या पोरीचं होतं ते. देण्यासारखं नव्हतं. आता माझ्याकडे काही नाही. तू जा."

थरथर थांबली नाही. जवळ आली. तिच्या साडीच्या निऱ्या हलल्या. खांद्यावरचं ओझं हलकं व्हायला लागलं, जसं त्या दिवशी मांडीवर झालं होतं. ज्ञानूची मुठीतली बोटं सैल झाली.

"जा," प्रेमला म्हणाली, आणि या वेळी आवाज कुठून आला ते तिलाच कळलं नाही. सासरी, माहेरी, आयुष्यात तिनं कुणाला असं म्हटलं नव्हतं. "जा म्हणते ना. परत येऊ नको. जे घेऊन आली असशील ते घेऊन जा, पण या दारात पुन्हा येऊ नको."

मग ती वळली.

दार भिंतीच्या कडेनं वीस पावलांवर होतं. तिनं पावलं मोजली नाहीत, उंबऱ्यावर नजर ठेवली. मागं इंजिनाचा आवाज एकदा वाढला, मग गिअर पडल्याचा तो ओळखीचा खडखडाट. खांद्यावर भार परत आला, एकदम, पुरता, लेकीचा सगळा गोड जडपणा, हनुवटी हाडाला टोचली, गरम श्वास मानेवर आला. प्रेमलाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मिळाली, ती मनात म्हणत होती, मिळाली माझी मला. मागं टायरखाली पानं चुरडली. आवाज वळणाकडे निघाला. कुणीतरी काच खाली करावी तसा कुरकुर आवाज झाला. तिनं मान ताठ ठेवली. आणखी पाच पावलं.

ज्ञानू खांद्यावरून मागं बघत होती. तिनं हात हलवला, टाटा करावा तसा, आणि मग तो हात तसाच हवेत राहिला.

"आई."

"बोलू नको. घर आलंच."

"आई, आज पप्पा होते मागच्या सीटवर. झोपलेले."

उंबरा समोर होता. प्रेमलाचा पाय उचललेला होता, आणि तो तिनं कसा टेकवला हे तिला पुढंही कधी आठवलं नाही. आत वाट्या गप्प झाल्या होत्या. वळणापलीकडे आता कसलाच आवाज नव्हता.

ज्ञानूनं दोन्ही तळव्यांनी आईचा ओला चेहरा आपल्याकडे वळवला आणि तिच्या डोळ्यांत बघून विचारलं,

"तू गाडीला परत येऊ नको म्हणालीस. मग पप्पा कुठं उतरणार?"